कोंबड्यांच्या लाल माइटवर डायटोमेशियस अर्थ पावडर: कोरड्या दिवसांत उत्तम, पावसाळ्यात निरुपयोगी

गोराई गावठाणातल्या आमच्या घरामागे सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे लाकडी खुराडे आहे. त्यात मागच्या वर्षी नऊ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा होता. आज कोंबड्या आठ आहेत. नववी कशी गेली हे सांगितल्याशिवाय या पावडरीविषयी काही लिहिणे मला योग्य वाटत नाही, कारण तिच्या अंगावर रोज रात्री काय चालले होते ते मला पंधरा दिवस आधी कळले असते, तर तीनशे पन्नास रुपयांच्या एका पिशवीवर ती वाचली असती असे मला अजूनही वाटते.

माझे मत आधीच नोंदवते. फूड ग्रेड डायटोमेशियस अर्थ या नावाने मिळणारी ही पांढरी, मैद्यासारखी पावडर खुराड्यातल्या लाल माइटवर, म्हणजे रात्री कोंबड्यांचे रक्त पिणाऱ्या एका बारीक जीवावर, खरोखर काम करते. मात्र हवा कोरडी असेल, पावडर फटीत पोहोचली असेल आणि दर आठवड्याला पुन्हा टाकली असेल तरच. मुंबईच्या पावसाळ्यात ती जवळजवळ काहीच करत नाही. वर्षभरात एक एक किलोच्या तीन पिशव्या वापरून मी या निष्कर्षाला आले आहे. पाचपैकी तीन तारे मी देते. नोव्हेंबर ते मे एवढ्याच काळाचे विचाराल तर चार देईन.

जानेवारीत आमची कवडी कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली होती. खुडूक कोंबडी एरवीही कमी खाते आणि उतरते, त्यामुळे तिचा तुरा फिकट दिसू लागला तेव्हा मी मनावर घेतले नाही. त्याच सुमारास इतर कोंबड्यांच्या अंड्यांवर मोहरीहूनही बारीक तपकिरी ठिपके दिसू लागले. घाण असेल म्हणून एका अंड्यावरचा ठिपका मी अंगठ्याने पुसला, तर कवचावर लाल रेघ उमटली. ते रक्त होते, हे तेव्हाही माझ्या लक्षात आले नाही. संध्याकाळी सहाच्या आत आपणहून खुराड्यात शिरणाऱ्या कोंबड्या दाराशी घुटमळू लागल्या, दोघी तर शेवग्यावर जाऊन बसू लागल्या, तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, “अगो, पिसवा झाल्या असतील, रात्री जाऊन बघ.” दिवसा मी प्रत्येक कोंबडीची पिसे उलटून पाहिली होती आणि मला काहीही सापडले नव्हते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कवडी घरट्यातच मरून पडलेली आढळली. तिचा तुरा आणि पापण्यांची आतली बाजू अगदी पांढरी पडली होती.

त्या रात्री दहा वाजता टॉर्च आणि पांढऱ्या सुती कापडाचा फडका घेऊन मी खुराड्यात गेले. कोंबड्या बसतात त्या बांबूच्या दांडीखालून मी फडका घट्ट दाबून ओढला आणि उजेडात धरला. कापडावर कुंकवाची बोटे पुसावीत तशा लाल रेघा होत्या, आणि त्यांच्यामध्ये न चिरडलेले लाल-काळे कण चालत होते. दांडी जिथे भिंतीच्या खाचेत बसवली होती तिथे मीठ आणि मिरपूड एकत्र सांडल्यासारखी करडी भुकटी साचलेली होती. गेले महिनाभर मी ती लाकडाची धूळ समजत होते. प्रत्यक्षात ती माइटची विष्ठा आणि टाकलेल्या काती होत्या.

मावशी ज्यांना पिसवा म्हणत होत्या त्या या पिसवा नव्हत्या आणि उवाही नव्हत्या. पिसू उडी मारते, ऊ कोंबडीच्या अंगावरच राहते आणि पिसांच्या बुडाशी लिखा घालते. लाल माइट हा कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला आठ पायांचा जीव आहे, पूर्ण वाढला तरी जेमतेम एक मिलिमीटरचा. तो दिवसभर लाकडाच्या फटीत, बांबूच्या पेरांत, घरट्याच्या गवताखाली दडून राहतो, रात्री कोंबडीवर चढतो, अर्धा-एक तास रक्त पितो आणि उजाडण्यापूर्वी फटीत परततो. उपाशी असताना तो करडा असतो, रक्त प्यायल्यावर लाल होतो. म्हणूनच दिवसा कोंबडी तपासून काही हाती लागत नाही. कोंबडी घरटे न सोडता बसून राहिली तर त्याला फार चालावेही लागत नाही. खुडूक कोंबडीच आधी का गेली, याचे उत्तर यात आहे. आपल्या हवेत अंड्यापासून अंडी घालणारी मादी तयार व्हायला सात ते दहा दिवस पुरतात, आणि कोंबड्या दुसरीकडे हलवल्या तरी हा जीव रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरू शकतो. खुराडे महिनाभर रिकामे ठेवून सुटका होईल, ही माझी पहिली कल्पना त्यामुळे फोल ठरली.

हा जीव आला कुठून, याचा विचार करताना माझे लक्ष छपराकडे गेले. कौलांखाली कबुतरांचे घरटे होते, आणि कोंबड्यांच्या दाण्यावर कबुतरे रोज उतरत. लाल माइट कबुतरांवरही जगतो. इमारतींमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी येथे थोडे विषयांतर करते: एसीच्या मागे किंवा खिडकीच्या जाळीत कबुतराने घरटे केले असेल, पिल्ले उडून गेल्यानंतर घरातल्यांना रात्री अंगावर बारीक लाल पुरळ येऊन खाज सुटत असेल, तर ढेकणांबरोबर या माइटचाही संशय घ्यावा. रक्त देणारे पाखरू गेले की तो माणसालाही चावतो. माझ्या दंडावर आणि कमरेवर तेच पुरळ होते आणि मी आठवडाभर त्याला घामोळे समजत होते.

पावडर मी बोरिवलीच्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणली. दुकानदाराने पिशवी हातात देताना सांगितले, “ताई, एकदा मारली की काम झाले, दाण्यात पण मिसळा.” या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि होडीने खाडी ओलांडून परत जाणाऱ्या गिऱ्हाइकाला पुन्हा विचारायला येणे सोपे नसते, म्हणून मला त्या सल्ल्याचा राग आला. माइट कोंबडीच्या पोटात नसतो. दाण्यातून दिलेली पावडर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि एकदा टाकून काम का होत नाही, ते ही पावडर काय आहे हे समजले की लगेच कळते.

डायटम नावाच्या सूक्ष्म एकपेशीय शैवालांच्या सिलिकेच्या कवचांचे थर तळ्यांच्या आणि समुद्रांच्या तळाशी साचतात. ते खणून, दळून ही पावडर करतात. तिच्यात विष नाही. माइटच्या अंगावर मेणचट थर असतो आणि त्यामुळे त्याच्या शरीरातले पाणी टिकून राहते; पावडरीचे सच्छिद्र कण तो थर शोषून घेतात आणि खरवडतात, मग माइट सुकून मरतो. मरायला त्याला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात. माइटच्या अंड्यांवर मात्र या पावडरीचा परिणाम होत नाही. आज टाकलेल्या पावडरीने आजचे माइट मेले, तरी फटीतली अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात आणि आठवड्याभरात नवी फळी तयार होते. त्यामुळे पहिल्या महिन्यात दर सातव्या दिवशी पावडर पुन्हा टाकणे हाच या वस्तूचा खरा वापर आहे, आणि पिशवीवर ही गोष्ट छापलेली नव्हती.

पिशवीवर ‘१०० टक्के सुरक्षित’ असे मात्र ठळक अक्षरांत छापले होते. तेही मला मान्य नाही. सिलिकेची ही धूळ इतकी बारीक असते की पिशवी उघडताच हवेत तरंगते. ती माणसाच्या फुप्फुसांना वाईट आणि कोंबडीच्या नाजूक श्वसनसंस्थेला त्याहून वाईट. पहिल्या दिवशी मी उत्साहाने कोंबड्यांच्या पंखांखालीही पावडर चोळली. त्या दोन दिवस शिंकत राहिल्या आणि मलाही रात्री खोकला आला. त्यानंतर मी कोंबड्यांवर ती कधीही टाकली नाही. सकाळी कोंबड्या बाहेर सोडल्यावर, नाकातोंडावर चांगला मास्क बांधून, फक्त खुराड्यावर टाकते आणि धूळ पूर्ण बसेपर्यंत त्यांना आत जाऊ देत नाही. जलतरण तलावाच्या फिल्टरसाठी याच नावाची स्वस्त पावडर मिळते. ती भाजलेली असते, तिच्यात स्फटिकरूपातील सिलिका बरीच जास्त असते आणि ती फुप्फुसांना अधिक घातक आहे. पैसे वाचवण्यासाठी ती आणू नये.

टाकण्याची पद्धत मला तीन आठवडे चुकत शिकून सापडली. मुठीने भुरभुरलेली पावडर जमिनीवर पांढरा सडा घालते आणि फटी कोरड्याच राहतात. जिथे ढीग पडतो त्याला वळसा घालून माइट खुशाल निघून जातात. शेवटी मी टोकदार झाकणाची सॉसची रिकामी बाटली धुऊन उन्हात कडकडीत वाळवली, तिच्यात अर्ध्यापर्यंत पावडर भरली आणि बाटली दाबून प्रत्येक सांध्यात फुंकर मारावी तशी पावडर आत उडवली. दांडीच्या खाचा, घरट्यांच्या फळ्यांचे कोपरे, दाराच्या बिजागऱ्या, पत्रा आणि लाकूड यांमधली फट, या जागा खऱ्या महत्त्वाच्या आहेत. उरलेल्या पृष्ठभागांवर रंगाच्या ब्रशने इतका पातळ थर द्यावा की बोट फिरवल्यावरच तो जाणवेल. त्याआधी घरट्यांतले सगळे गवत आणि खालची तुसाची गादी काढून जाळली, सांध्यांवर उकळते पाणी ओतले आणि दोन दिवस खुराडे उन्हात उघडे ठेवले. उकळत्या पाण्याने अंडीही मरतात, त्यामुळे पावडरीचे निम्मे काम आधीच होते. या रीतीने एक किलो पावडर चार धुरळण्यांना पुरून वर थोडी उरली. मार्चच्या मध्यावर रात्रीच्या फडक्यावर एखाददुसरा कण दिसे, रेघा नसत. कोंबड्या वेळेवर आत जाऊ लागल्या, तुरे पुन्हा लाल झाले, आणि एप्रिलमध्ये अंडी पूर्वीइतकी मिळू लागली. तेवढ्यावर मी लिहिले असते तर पाच तारे दिले असते.

जून आला आणि सारे फिरले. गोराईला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. पावसाळ्यात येथे घरातले मीठसुद्धा पाणी सोडते. फटीत टाकलेली पावडर दुसऱ्या दिवशी बोटाने उकरली तर चुन्याच्या लगद्यासारखी चिकटून निघत असे. जी पावडर हवेतलीच ओल पिऊन बसली आहे ती माइटच्या अंगावरचा मेणचट थर काय शोषणार? दुसऱ्या बाजूने, उबदार आणि दमट हवा माइटला मानवते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फडक्यावर पुन्हा लाल रेघा उमटल्या. मी दुसरी पिशवी दोन आठवड्यांत संपवली, नेहमीच्या दुप्पट थर दिला, आणि त्याचा फडक्यावर काहीही फरक दिसला नाही. आपल्या किनारपट्टीवर ही पावडर विकताना ही एवढी गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायलाच हवी.

या काळात मिळालेल्या सल्ल्यांपैकी दोन धोकादायक होते. गावातल्या एका वडीलधाऱ्यांनी गॅमेक्झिन ही जुनी कीटकनाशक पावडर टाकायला सांगितले. त्यांच्या तरुणपणी खुराड्यात तेच टाकत. त्या जुन्या पावडरीचा पुढचा अवतार असलेल्या लिंडेनचा वापरही आपल्या देशात २०१३ पासून बंद आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये कोंबड्यांसाठी सर्रास सुचवली जाणारी कार्बारिल पावडरही २०१८ पासून भारतात बंदी घातलेल्या कीटकनाशकांत आहे. कुणाच्या माळ्यावर जुना डबा सापडला तरी तो खुराड्याजवळ नेऊ नये. चुलीची राख आणि कडुनिंबाचा पाला हे घरगुती उपाय मी दोन्ही केले. कोरड्या राखेत कोंबड्या आनंदाने लोळतात आणि त्यांच्या अंगावरच्या उवा त्याने कमी होतात, परंतु फटीतल्या माइटला राख पुरी पडली नाही, आणि पाल्याचा मला काहीच उपयोग दिसला नाही.

मग मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या एका डॉक्टरांकडे गेले, आणि खरे तर फेब्रुवारीतच जायला हवे होते. फडक्यावरचे माइट मी औषधाच्या छोट्या बाटलीत भरून नेले होते. त्यांनी ते भिंगाखाली पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला: “ताई, दिवसा कोंबडीच्या शेपटीखाली, बुडाभोवती काळपट चिकट पिसे दिसतात का?” दिसत असतील तर तो वेगळा माइट असतो, तो रात्रंदिवस कोंबडीवरच राहतो आणि त्यासाठी औषध कोंबडीवरच करावे लागते, खुराड्यात कितीही पावडर ओतली तरी तो हलत नाही. आमच्याकडे लाल माइटच होता. पायांवरचे खवले उचलले जाऊन पाय जाडेभरडे होतात तो माइट तिसरा, आणि त्याचीही वाट निराळी.

डॉक्टरांनी पायरेथ्रॉइड गटातले फवारणीचे औषध लिहून दिले, आमच्या खुराड्यासाठी पाण्यातले प्रमाण कागदावर लिहिले आणि सातव्या दिवशी दुसरी फवारणी बजावून सांगितली. किती दिवसांची अंडी टाकून द्यायची तेही त्यांनीच ठरवले, आणि आम्ही ती टाकली. ते प्रमाण मी येथे मुद्दाम देत नाही. जनावरांच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या बाटलीतून अंदाजाने झाकणभर औषध ओतून लोकांनी कोंबड्या मारल्याची उदाहरणे डॉक्टरांनी सांगितली. शिवाय या गटातली काही औषधे मांजरांना विषारी आहेत, आणि मासे व कोळंबी यांना तर ही औषधे अगदी थोड्या मात्रेतही मारतात. आमच्या गटाराचे पाणी शेवटी खाडीला मिळते, म्हणून उरलेले पाणी मी गटारात न ओतता दुसऱ्यांदा भिंतींवरच संपवले आणि दोन दिवस मांजरीला घरात कोंडले. दुसऱ्या फवारणीनंतर ऑगस्टमध्ये फडका स्वच्छ निघाला. हेच औषध पुन्हा पुन्हा वापरत राहिले तर माइट त्याला दाद देईनासे होतात, असे डॉक्टरांनी बजावले आहे. सुकवून मारणाऱ्या पावडरीचा येथे मोठा गुण दिसतो: तिला असे सरावणे त्यांना सहज जमणारे नाही, म्हणून कोरड्या महिन्यांत तीच वापरावी आणि औषध अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावे.

ऑक्टोबरमध्ये आम्ही खुराड्याची आतली मांडणी बदलली, आणि पावडरीला पुन्हा तीन तारे मिळण्याचे श्रेय मी या बदलाला देते. बांबूची दांडी काढून टाकली, कारण बांबूची पोकळी आणि पेरांच्या भेगा म्हणजे माइटची चाळच. त्याऐवजी रंधा मारलेली गुळगुळीत फळी दोन लोखंडी पायांवर बसवली, तिची टोके भिंतीपासून चार बोटे लांब ठेवली आणि प्रत्येक पाय तेल भरलेल्या वाटीत उभा केला. भिंतीतून निघालेल्या माइटला आता कोंबडीपर्यंत जायला रस्ताच उरला नाही. लाकडी भिंतींना चुना दिला, त्याने बारीक फटी बुजल्या. पिल्ले उडून गेल्यावर कौलांखालचे कबुतराचे घरटे काढून तेथे जाळी ठोकली. नोव्हेंबरपासून तिसरी पिशवी वापरते आहे. पूर्वी चार महिन्यांत जेवढी लागली असती तेवढीही अजून संपलेली नाही, कारण पावडर टाकायच्या जागाच आता सात-आठ उरल्या आहेत.

ज्यांचे खुराडे लोखंडी जाळीचे आहे, ज्यांच्या कोंबड्या थोड्या आहेत आणि जे दर आठवड्याला रात्री फडका फिरवून पाहतील त्यांनी ही पावडर जरूर घ्यावी. घरात दम्याचा रुग्ण असेल तर घेऊ नये. कोंबड्यांचे तुरे पांढरे पडले असतील, कोंबडी डोळे मिटून बसत असेल, तर पावडरीवर आठवडे न घालवता आधी डॉक्टर गाठावेत; आमच्या कवडीसाठी तेवढा वेळ उरला नव्हता.

काल रात्री दहा वाजता फडका फिरवला. दांडीखाली काही नव्हते, दाराच्या वरच्या बिजागरीपाशी तीन कण सापडले. तेथे आज सकाळी बाटलीने पावडर उडवली आहे आणि पुढच्या आठवड्यात याच दिवशी पुन्हा पाहीन. मे अखेरीस उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बंद करून ठेवीन आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करीन.